४७ जण गेले, उरलेल्या १६५ जणांचं काय?

जुना_चाकणकर | ११ जानेवारी, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं या मंचावर वाचनमात्र आहे, चर्चेचा धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. एकोणीस वर्षं झाली. आमचा अर्धा माल डिझेल इंजिनांना लागतो आणि ते काम दोन वर्षांपासून आटत चाललंय. डिसेंबरात लागोपाठ दोन शुक्रवारी मिळून ४७ जणांना नारळ दिला. २१२ चे १६५ झालो. कपात करायला हवी होती की नको, हा वाद कृपया इथे नको. तो घरी रोज चालू आहे.

माझा प्रश्न उरलेल्यांचा आहे. सोमवारी माणसं आली, मशीन चालू झाल्या, पाळीचा आकडाही निघाला. पण शॉपमध्ये आवाज फक्त मशीनचाच. कॅन्टीनमध्ये अर्धा तास रेंगाळणारी माणसं दहा मिनिटांत ताट संपवून उठतात. माझा एक फिटर आहे. गेली आठ वर्षं रात्री दोनला ब्रेकडाउन झाला तरी एका फोनवर गेटवर हजर. गेल्या आठवड्यात त्याने फोनच उचलला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "साहेब, झोपलो होतो." खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. आणि आमचा सीएनसीचा सेटर (संगणकावर चालणाऱ्या मशीनची जुळणी करणारा), ज्याच्यासारखा हात अख्ख्या शॉपमध्ये नाही, त्याचा बायोडेटा तळेगावात फिरतोय.

एचआरचा उपाय म्हणजे टी-शर्ट. पाठीवर 'आपण एक कुटुंब'. ऑर्डर ऑक्टोबरातच गेली होती, त्यामुळे नग आले २१२. वाटून उरलेले ४७ स्टोअरमध्ये खोक्यात पडलेत.

लोकांना कामात कसं टिकवायचं ते पंधरा दिवसांत सांगा, असं एमडींनी मला सांगितलंय. पगारवाढ मिळणार नाही, हे त्याच वाक्यात सांगून टाकलं. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी लिहा. पुस्तकी नको.

तिखट_मीठ | ११ जानेवारी, रात्री ११:३२

टी-शर्ट पिवळा असेल तर पुढची कपात नक्की. (हलके घ्या.)

आता गंभीरपणे. रात्री दोनला येणाऱ्या त्या फिटरला आठ वर्षं त्याचे पैसे देत होतात का?

हिंजवडी_फेज_थ्री | १२ जानेवारी, सकाळी ८:०५

चाकणकर, मी आयटीतली. दोन कपातींतून 'वाचले' आहे. शब्द बघा, जणू पूर आला होता.

पहिल्या वेळी सकाळी अकराला शेजारच्या मुलीचं लॉगिन बंद पडलं. तिला वाटलं पासवर्डची मुदत संपली, तिने बिचारीने तक्रार नोंदवली. दुपारी तिला मीटिंगला बोलावलं आणि ती परत जागेवर आलीच नाही. डबा टेबलावर तसाच. पुढे वर्षभर माझा पासवर्ड एकदा जरी चुकला तरी पोटात गोळा यायचा. काम करत होते मी, पण मान खाली घालून. त्या वर्षात एक नवी गोष्ट सुचवली नाही, एक चूक कोणाच्या लक्षात आणून दिली नाही. नजरेत यायचंच नव्हतं मला.

दुसऱ्या कपातीत माणसं जास्त गेली, पण मॅनेजर वेगळा होता. दर मंगळवारी दहाला तो सगळ्यांना बसवायचा. काय ठरलंय ते सांगायचा, काय ठरलेलं नाही तेही सांगायचा, आणि जे ठरलेलं नाही ते साधारण कधी ठरेल ते सांगायचा. एका मंगळवारी म्हणाला, "आज माझ्याकडे काहीच नाही, चहा प्या." पण बैठक रद्द केली नाही. मला विचाराल तर तीच बैठक सगळ्यात जास्त कामाची ठरली. रद्द केली असती तर 'आज बैठक का नाही' यावर दिवसभर कुजबुज झाली असती.

आणखी एक. गेलेल्या नऊ जणांचं काम आमच्या डोक्यावर टाकण्याआधी त्याने बसून यादी केली आणि चार साप्ताहिक रिपोर्ट सरळ बंद केले. ते रिपोर्ट कुठे गेले, हे आजतागायत कोणी विचारलेलं नाही!

तुमच्या ४७ जणांचं काम सध्या कोण करतंय? ते तुम्ही लिहिलं नाहीत.

जुना_चाकणकर | १२ जानेवारी, दुपारी १:२०

ताई, उरलेलेच करतायत. दोन मशीनमागे एक माणूस. ओव्हरटाइम बंद आहे.

निवृत्त_रोखपाल | १२ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

आमच्या वेळची गोष्ट सांगतो. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली होती. १५ वर्षं नोकरी किंवा ४० वर्षं वय झालेल्याला अर्ज करता येत होता. झालेल्या नोकरीच्या दर वर्षामागे ६० दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यातलं जे कमी ते. देशभरात सुमारे १ लाख माणसं बाहेर पडली. मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. बँकेचं नाव राहू द्या.

आमच्या चौदा जणांतले पाच गेले. आणि कोण गेले? ज्यांचं बाहेर काही ना काही जमणार होतं तेच. शेती अधिकारी गेला. कुठल्या गावात कोण कर्ज बुडवेल आणि कोण बैल विकून फेडेल, हे त्याला तोंडपाठ होतं. ते ज्ञान कुठल्या खतावणीत नव्हतं. चाळणी उलटी लागली, गहू खाली गेला. वरचे जे राहिलो ते आम्ही. हे मी आमच्याबद्दलच म्हणतोय, रागावू नका.

गंमत पुढे आहे. गेलेले लोक महिन्याभरात खातेदार म्हणून शाखेत यायला लागले. अंगावर नवा शर्ट, हातात मुदत ठेवीची पावती. साहेब त्यांना केबिनमध्ये बसवून चहा पाजायचे. आम्ही काउंटरवर दोघांचं काम करत ते बघायचो. 'गेला तो शहाणा, राहिला तो गाढव' असं आमच्यात उघड बोललं जायचं. निष्ठा वगैरे शब्द त्या वर्षी कोणी काढला असता तर मार खाल्ला असता.

मग बदलून एक व्यवस्थापक आले. भाषण केलं नाही. पहिल्या बाजारच्या दिवशी गर्दी झाली तसे केबिनमधून उठले आणि शेजारच्या काउंटरवर पैसे मोजायला उभे राहिले. हात अगदी सावकाश होता त्यांचा, गिऱ्हाइकं वैतागली. पण दर बाजाराला उभे राहिले. तीन महिन्यांत 'गाढव' हा शब्द आपोआप बंद झाला. चाकणकर, तुमच्या वरच्यांपैकी कोणी पाळीला शॉपमध्ये उभं राहतं का?

पुणेरी_प्रशिक्षक | १२ जानेवारी, रात्री ९:३०

धागाकर्त्याला पुस्तकी नको आहे, तरी एक आकडा देतो. अमेरिकेतल्या कंपन्यांवर ट्रेव्हर आणि नायबर्ग यांचा २००८ चा अभ्यास आहे. मनुष्यबळात १ टक्का कपात केलेल्या कंपन्यांत पुढच्या वर्षी आपणहून सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण ३१ टक्क्यांनी जास्त दिसलं. तुम्ही तर बावीस टक्के केलीत. तेव्हा तुमचा सेटर गद्दार वगैरे नाही, तो अपेक्षितच आहे. दाद मागायची नीट सोय आणि न्याय्य पद्धत जिथे होती तिथे ही गळती कमी दिसली.

दुसरं उदाहरण नोकियाचं. २००८ मध्ये जर्मनीतला बोखुमचा कारखाना बंद करायचं जाहीर केलं, २,३०० नोकऱ्या. लोक रस्त्यावर आले, नोकियाचे फोन घेऊ नका अशी मोहीम निघाली, शेवटी २० कोटी युरोंची तडजोड करावी लागली. त्यातून शिकून २०११ च्या मोठ्या कपातीत त्यांनी 'ब्रिज' नावाची योजना आणली. १३ देश, सुमारे १८,००० माणसं. कंपनीतच दुसरं काम शोधायला मदत, बाहेर नोकरी शोधायला मदत, धंदा काढायचा तर भांडवल, शिकायचं तर फी. त्यातून हजारभर नवे उद्योग निघाले, खर्च सुमारे ५ कोटी युरो. आणि तुमच्या प्रश्नाशी जोडलेला भाग असा, की कपात चालू असलेल्या ठिकाणीही कामाचा दर्जा घसरला नाही. राहणारा माणूस जाणाऱ्याकडे बघत असतो. उद्या आपलंही असंच होणार, हे त्याला माहीत असतं.

तिखट_मीठ | १२ जानेवारी, रात्री ९:५१

आणि श्रीपेरुंबुदूर? मी तेव्हा चेन्नईत होतो. त्याच नोकियाचा तिथला कारखाना. फोनचा धंदा २०१४ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला, कराच्या वादामुळे हा कारखाना मागे राहिला आणि नोव्हेंबरात बंद पडला. त्याआधी हजारोंनी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली होती. त्यात विशी-बाविशीच्या मुली किती! त्यांना कुठला पूल बांधला?

पुणेरी_प्रशिक्षक | १२ जानेवारी, रात्री १०:०४

मुद्दा मान्य. योजना चांगली होती म्हणून कंपनी चांगली, असं मला म्हणायचं नव्हतं.

कलमबहाद्दर | १३ जानेवारी, सकाळी ७:५०

सगळे भावनेत वाहून चाललेत म्हणून थोडा कायदा.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ प्रमाणे कामगार कपातीला महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांची भरपाई. 'शेवटी आला तो आधी जाणार' हे तत्त्वही त्यातच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्या. सरकारची आधी परवानगी घ्यायची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली, म्हणजे २१२ चा कारखाना त्यातून सुटला. पण एक नवी गोष्ट आली. काढलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि ते पैसे ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचे. आणि वेतन संहितेनुसार अखेरचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत द्यायचा. राजीनामा असला तरी.

आता सरळ प्रश्न. ४७ जणांची कपात केलीत की त्यांच्याकडून राजीनामे लिहून घेतलेत? आणि हिशेब दिलेत का?

अवांतर: आपण सगळे कपातीला 'ले-ऑफ' म्हणतो. कायद्यात ले-ऑफ म्हणजे काम नसताना तात्पुरतं बसवणं, त्याला निम्मा पगार मिळतो आणि माणूस पटावर राहतो. तो पर्याय तुमच्याकडे कोणी काढला होता का?

नेकारकाठची | १३ जानेवारी, दुपारी २:१५ (इकडे सकाळ)

कलमबहाद्दरांच्या अवांतराला +१. मी श्टुटगार्टजवळ असते, नवरा इथल्या वाहन उद्योगात. इथे त्याच कल्पनेला 'कुर्त्सआर्बाइट' म्हणतात. काम कमी झालं की सगळ्यांचे तास कमी करायचे, बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के रक्कम सरकारी रोजगार विम्यातून येते. एप्रिल २०२० मध्ये जवळजवळ ६० लाख लोक त्यावर होते. तेव्हा नवरा आठवड्यातले दोन दिवस घरी असायचा. भिंती रंगवून झाल्या, भाकरी शिकला. पण ऑर्डर परत आल्या त्या दिवशी मशीनवर तीच माणसं होती, कोणाला नव्याने शिकवावं लागलं नाही.

आता डिझेलचं काम परत येणारच नाही अशी इकडेही कुजबुज आहे. तिथे हे औषध चालत नाही, कारण काम परत येणार असेल तरच थांबण्यात अर्थ. चाकणकर, तुमचं काम परत येणार आहे का? लोकांना तेच जाणून घ्यायचं असेल.

तिसरी_पाळी | १३ जानेवारी, रात्री ११:५५

वाचतोय सगळं. एक विचारू का साहेब? तुमच्या २१२ मध्ये आम्ही होतो का?

मी ठेकेदाराकडचा. तुमच्या कंपनीत नाही, पण अशाच एका कंपनीत होतो. दिवाळीआधी आमची साठ पोरं बंद झाली. ठेकेदाराचा व्हॉट्सॲपवर मेसेज, 'उद्यापासून येऊ नका, कळवतो'. अजून कळवतोय. नोटीस नाही, धागा नाही, टी-शर्ट तर नाहीच. त्या दिवशी परमनंट लोकांनी आमच्या रिकाम्या जागा बघितल्या आणि जेवायला गेले. मग डिसेंबरात त्यांचा नंबर लागला तेव्हा म्हणायला लागले, कंपनीला माणसाची किंमत नाही.

तुमची माणसं गप्प झाली ती डिसेंबरात नाही झाली. आधीच झाली असतील, तुम्हाला ऐकू आलं नसेल.

हिंजवडी_फेज_थ्री | १४ जानेवारी, सकाळी ७:४०

तिसरी_पाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

जुना_चाकणकर | १४ जानेवारी, रात्री १०:३०

दिवसभर विचार करून लिहितोय. संक्रांत आहे, गोड बोलायचा दिवस, पण इलाज नाही.

तिसरी_पाळी, ठेक्यावर आमच्याकडे नव्वद होते. ऑक्टोबरपासून कमी होत होत बावीस राहिले. २१२ मध्ये ते नव्हते. धागा लिहिताना ते मला आठवलेही नाहीत.

कलमबहाद्दर, राजीनाम्याबद्दल मी इथे लिहू शकत नाही. यातून काय समजायचं ते समजा. हिशेबाबद्दल मात्र आज चौकशी केली. ४७ पैकी ३१ जणांचे हिशेब अडकलेत. कुठे, तर 'नो ड्यूज'च्या, म्हणजे कंपनीचं काही देणं बाकी नाही अशा सह्यांच्या कागदावर. आणि त्यातले चौदा कागद माझ्याच टेबलावर आहेत! एक मायक्रोमीटर (बारीक मापं घ्यायचं साधन) सापडत नाही म्हणून मी टूल क्रिबशी, म्हणजे हत्यारांच्या खोलीशी संबंधित सगळ्यांच्या सह्या रोखल्या होत्या. मला तेव्हा तो शिस्तीचा प्रश्न वाटला. माझा फिटर त्या चौदापैकी चौघांबरोबर एकाच बसने यायचा.

तिखट_मीठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही'. आठ वर्षं फुकट यायचा. आम्ही त्याला निष्ठा म्हणायचो.

निवृत्त_रोखपाल | १५ जानेवारी, सकाळी ६:२०

आधी सह्या करा. बाकीचं मग.

कलमबहाद्दर | १५ जानेवारी, सकाळी ९:१०

असेच म्हणतो. आणि तो मायक्रोमीटर त्या चौदांपैकी कोणाच्या पगारातून कापू नका.

पुणेरी_प्रशिक्षक | १५ जानेवारी, दुपारी १२:४०

एमडींकडे जाताना 'लोकांना कसं टिकवायचं' या प्रश्नाचं उत्तर नेऊ नका. पुढची तारीख काय, हा प्रश्न न्या. कपात संपली की नाही, हे मालकाने बोलल्याशिवाय तुमच्या कुठल्याही युक्तीला अर्थ नाही. आणि 'आता आणखी कपात होणार नाही' असं खात्री नसताना बोलायला लावू नका. ते एकदा खोटं पडलं की सगळं संपतं.

जुना_चाकणकर | १६ फेब्रुवारी, रात्री ९:००

महिन्याने आलो. बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, म्हणून सांगतो.

सह्या दुसऱ्याच दिवशी केल्या. मायक्रोमीटर सापडला. कॅलिब्रेशनला, म्हणजे माप बरोबर दाखवतो का ते तपासायला, बाहेर पाठवला होता, आमच्याच रजिस्टरमध्ये नोंद होती, माझ्याच माणसाच्या अक्षरात. उरलेल्या विभागांचे कागद फिरवायला आठवडा गेला. पैसे जमा झाल्याची बातमी शॉपमध्ये माझ्याआधी पोचली. फिटर स्पॅनर पुसत म्हणाला, "त्यांचे आले म्हणे." एवढंच.

एमडींशी दोन बैठका झाल्या. पहिलीत ते चिडले. मी लेखी तारीख मागत होतो आणि ते म्हणत होते, लिहून दिलं आणि ऑर्डर तुटली तर? मी म्हणालो, मग तसंच लिहा. शेवटी बोर्डावर नोटीस लागली. ३० जूनपर्यंत कपात नाही. एका मोठ्या कामाचा निकाल मार्चमध्ये लागणार, तो कळेल त्या दिवशी दोन्ही पाळ्यांना सांगू. डिझेलचं जुनं काम परत येणार नाही, हेही त्यात लिहिलंय. हे वाक्य एचआरला नको होतं, एमडींनी ठेवलं. लोकांनी नोटिशीचे फोटो काढून घरी पाठवले.

दर मंगळवारी पाळी बदलताना सव्वातीनला मी उभ्या उभ्या दहा मिनिटं बोलतो. पहिल्या मंगळवारी सगळे बूट बघत होते. दुसऱ्याला एकाने विचारलं, बसचा भोसरीचा फेरा बंद होणार का? मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं, तिसऱ्या मंगळवारी उत्तर आणलं. (बंद होणार नाही.) एमडी अजून शॉपमध्ये उभे राहिलेले नाहीत, रोखपाल काका. एकदा काचेतून बघून गेले.

कामाची यादी केली. रोज भरायचे अकरा तक्ते होते, त्यातले पाच बंद. दोन मशीनमागे एक माणूस हे मात्र तसंच आहे, ते मला सोडवता आलेलं नाही. रात्रीच्या कॉलची आता पाळी लावलीय. येईल त्याला ठरलेले पैसे आणि दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी. माझ्या फिटरने त्यात आठवड्यातले दोन दिवस नाव दिलं, बाकीचे पाच दिवस नाही दिलं. पूर्वी सातही दिवस तोच होता.

सेटर गेला. तळेगावला, महिना आठ हजार जास्त. मी अडवलं नाही, पत्र चांगलं लिहून दिलं. नोटिशीच्या महिन्यात त्याने दोन पोरांना हाताखाली घेतलं आणि त्याच्या डोक्यात असलेली सगळी सेटिंग वहीत उतरवून दिली. त्या दोघांतला एक ठेक्यावरच्या बावीसमधला आहे. त्याला पटावर घ्या म्हणून मी कागद पुढे केलाय, अजून हललेला नाही.

तिसरी_पाळी | १६ फेब्रुवारी, रात्री ११:४८

कागद हलला की इथे लिहा साहेब.

तिखट_मीठ | १७ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

सगळं ठीक. त्या ४७ टी-शर्टांचं काय झालं?

जुना_चाकणकर | १७ फेब्रुवारी, दुपारी १:०५

खोकं अजून स्टोअरमध्येच आहे. स्टोअरवाला दर महिन्याच्या साठा तपासणीत विचारतो, साहेब, हे कुठल्या खात्यावर दाखवू?

रंग निळा आहे, पिवळा नाही.